झोळीत मावेल एवढा

मोठी वस्तू ती चांगली वस्तू, अशी समजूत आपल्या मनात कधी रुजते कोण जाणे! भोपळा घ्यावा तर मोठा पाहून, ढाल मिळवावी तर मोठी, मांडव घालावा तर तोही मोठा. आमच्या शाळेतले विद्यार्थी तर उत्तरपत्रिकेला जोडलेल्या पुरवण्या मोजून एकमेकांच्या हुशारीचा अंदाज बांधीत. त्यामुळे निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशांतून मी एक कॅमेरा आणला आणि तो हाताच्या पंजात मावतो हे शेजाऱ्यांनी पाहिले, तेव्हा त्यांची निराशा झाली यात नवल नाही. "गुरुजी, एवढासाच?" असे एकाने विचारले. किंमत ऐकल्यावर निराशेची जागा काळजीने घेतली. तेवढ्याच पैशात एखादा डीएसएलआर कॅमेरा आणि त्याचे एक बरेसे भिंग आले असते, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होते.

डीएसएलआर कॅमेरा तुम्ही पाहिला असेलच. लग्नसमारंभात गळ्यात रुंद पट्टा अडकवून, "जरा इकडे बघा," असे म्हणत वधूवरांभोवती फिरणाऱ्या गृहस्थाच्या हाती असतो तो. माझ्या पुतण्याजवळ निकॉन कंपनीचा डी ८५० नावाचा असाच एक कॅमेरा आहे. तो २०१७ साली बाजारात आला. पुतण्या पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. हिवाळ्यात भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेव्हा हा मुलगा पहाटेच्या थंडीत नावेत बसून तासन्‌तास वाट पाहत असतो. त्याने टिपलेल्या एका चित्रात पंख झटकणाऱ्या पक्ष्याच्या अंगावरून उडालेले पाण्याचे थेंब एकेक मोजता येतात. ते चित्र माझ्या खोलीत लावलेले आहे. मोठ्या कॅमेऱ्याविषयी माझ्या मनात आकस नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

"काका, घ्यायचाच तर माझ्यासारखा घ्या," असा त्याचा आग्रह होता. "उद्या तुम्हांला पक्ष्यांचे फोटो काढावेसे वाटले तर?"

या 'तर'ला उत्तर देणे मोठे अवघड असते. प्रवासाला निघताना आपण गाठोड्यात जे भरतो त्यातले निम्मे सामान या 'तर'साठीच भरलेले असते. पाऊस आला तर, पाहुणे भेटले तर, मुक्काम वाढला तर! मी पुतण्याला म्हटले, "तुझा कॅमेरा आठ दिवस माझ्याकडे ठेव. मग ठरवू."

आठ दिवसांतला पहिला दिवस वाण्याच्या दुकानात गेला. वजनाची नुसती चर्चा करण्यापेक्षा वजनच करावे, म्हणून कॅमेरा, त्याचे नेहमीचे भिंग आणि पक्ष्यांसाठीचे लांब भिंग असे तिन्ही जिन्नस मी तागडीवर ठेवले. कॅमेरा भरला १ किलो ५ ग्रॅम, नेहमीचे भिंग १ किलो ७० ग्रॅम आणि लांब भिंग २ किलो ३०० ग्रॅम. एकूण ४ किलो ३७५ ग्रॅम, पिशवी वेगळी. वाणी म्हणाला, "गुरुजी, एवढा गूळ नेलात तर दिवाळीपर्यंत पुरेल." पुढे मी माझा कॅमेरा घेतला, तेव्हा तोही त्याच तागडीवर ठेवला. तो भरला अवघा ४७८ ग्रॅम. वाण्याने कपाळाला हात लावला. "वजनात मारलं तुम्हांला!"

दुसऱ्या दिवसापासून मी पुतण्याची पिशवी पाठीवर घेऊन अजिंक्यताऱ्याची वाट धरली. साताऱ्यास आमच्या घरातून तो किल्ला दिसतो आणि सकाळी त्यावर जाण्याचा माझा जुना परिपाठ आहे. चढताना असे लक्षात आले, की वाटेत काही पाहण्याजोगे दिसले, की थांबायचे, पिशवी उतरवायची, चेन उघडायची, कोणते भिंग लावायचे ते ठरवायचे. आणि एवढे होईपर्यंत दगडावर बसलेला सरडा आपल्या कामाला निघून गेलेला असायचा. तरुण माणसाचे हात हे सारे क्षणात करतात. माझ्या गुडघ्यांनी मात्र तिसऱ्या दिवशी आपले मत स्पष्टपणे कळवले.

हा कॅमेरा इतका जड का, हे समजून घेणे मनोरंजक आहे. डीएसएलआरमध्ये भिंगाच्या मागे एक तिरका आरसा बसवलेला असतो. भिंगातून आत आलेला प्रकाश त्या आरशावर आपटून वर जातो, तेथे पाच कोनांच्या काचेच्या ठोकळ्यातून वळण घेतो आणि आपल्या डोळ्याशी पोहोचतो. त्यामुळे भिंगाला जे दिसते तेच आपल्यालाही दिसते. ही युक्ती खरोखरच सुंदर आहे. पण आरशाला हलायला जागा हवी, ठोकळ्याला जागा हवी, म्हणून पेटी फुगते.

खरे ओझे असते ते भिंगाचे. दूरची वस्तू मोठी दिसावी आणि तिच्यापासून पुरेसा प्रकाशही मिळावा, असे वाटत असेल, तर भिंगाचा झरोका रुंद हवा. याचे गणित सोपे आहे. प्रत्येक भिंगावर दोन आकडे लिहिलेले असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागले, की झरोक्याचा व्यास मिळतो. पुतण्याच्या लांब भिंगावर ५०० आणि ५.६ हे आकडे आहेत. भागाकार करून पाहा. उत्तर येते सुमारे ८९ मिलिमीटर, म्हणजे आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढे. एवढ्या रुंद, जाड काचा एकामागून एक बसवल्या, की त्या जड होणारच. अलीकडे कंपन्या आरसा काढून टाकलेले कॅमेरे करू लागल्या आहेत आणि पेट्या थोड्या हलक्या झाल्या आहेत. पण काचेचा हा हिशोब कोणालाच चुकत नाही. माझ्या कॅमेऱ्याचे आकडे आहेत २३ आणि २. भागाकार साडेअकरा मिलिमीटर. चिंचोक्याएवढा झरोका! त्याला दूरचे काही मोठे करून दाखवायचे नाही, म्हणून त्याला एवढा पुरतो.

लहान कॅमेऱ्याची कल्पना काही आजची नाही. जर्मनीतील वेट्झलार या गावी लाइट्झ नावाच्या कारखान्यात ऑस्कर बर्नाक हा कारागीर काम करीत असे. त्याला डोंगरात भटकून छायाचित्रे काढण्याची हौस होती आणि दम्याचा विकारही होता. त्या काळचे कॅमेरे काचेच्या तबकड्या वापरणारे, लाकडी पेटीचे, चांगलेच अवजड असत. ते घेऊन चढ चढताना त्याला धाप लागे. चित्रपटासाठी वापरली जाणारी चिंचोळी फिल्म लहानशा कॅमेऱ्यात घालता येईल, असे त्याच्या मनात आले. चित्रपटाच्या दोन चौकटी एकत्र करून त्याने ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद अशी एक चौकट ठरवली आणि १९१४ च्या सुमारास खिशात मावेल असा एक नमुना तयार केला. पुढे महायुद्ध आले. अखेर १९२५ साली 'लायका' या नावाने तो कॅमेरा बाजारात आला. एका आजारी माणसाला वजन सोसवेना, एवढ्या कारणावरून छायाचित्रणाची रीत बदलली! मौज अशी, की पुतण्याच्या त्या धिप्पाड कॅमेऱ्यातले प्रकाश टिपणारे पटल, ज्याला सेन्सर म्हणतात, ते आजही बर्नाकच्याच मापाचे आहे.

फ्रान्समधील प्रख्यात छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभर हाच लहान कॅमेरा वापरला. त्याचा चकचकीत भाग कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून ते त्यावर काळी पट्टी चिकटवीत. १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेच्या वेळी ते दिल्लीतच होते आणि शोकाने व्याकुळ झालेल्या त्या लोटलेल्या गर्दीची त्यांनी काढलेली छायाचित्रे जगभर गेली. पण त्याच दिल्लीत होमाई व्यारावाला याही काम करीत होत्या. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचा लौकिक आहे. त्यांच्याजवळ स्पीड ग्राफिक नावाचा भलामोठा कॅमेरा असे. आणि तो व त्याचे सारे साहित्य सायकलवर लादून, साडी नेसलेल्या त्या बाई राजधानीभर फिरत. म्हणजे ज्याला वजन पेलायचेच असते तो ते पेलतो. त्यांना वृत्तपत्रांसाठी चित्रे काढायची होती. मला काय काढायचे होते?

पुतण्याच्या 'तर'वर विचार करता करता मी या प्रश्नापाशी आलो. माझ्याजवळ त्याचे उत्तर तयार होते. मला माणसे काढायची होती. तीही चालती माणसे. गेली काही वर्षे मी आषाढी वारीला जातो. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पायी चालायचे असते. अंथरूण-पांघरूण दिंडीच्या ट्रकमधून पुढे जाते, पण दिवसभर जे जवळ हवे ते स्वतःच्या खांद्यावर. दिवेघाटाच्या चढावर झोळीतला एक जादा पंचासुद्धा जाणवतो, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही.

"मग मोबाईल का नाही?" असे तुम्ही विचाराल. मोबाईल मीही वापरतो. भर उन्हात तो सुरेख चित्र काढतो. पण त्याचे पटल करंगळीच्या नखाएवढे. दिवेलागणीला, कंदिलाच्या उजेडात कीर्तन रंगलेले असते तेव्हा तो चाचपडतो, आणि मग नसलेल्या गोष्टी आपल्या मनाने भरून काढतो. माझ्या कॅमेऱ्याचे पटल सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लांब आणि साडेपंधरा मिलिमीटर रुंद आहे. पुतण्याच्या कॅमेऱ्यातले पटल त्याच्या सव्वादोन पटींहून मोठे, हे खरे. पण मोबाईलच्या मानाने हे टपालाचे तिकीटच म्हणायचे. शिवाय मोबाईल कधी एकटा येत नाही, साऱ्या जगाचे निरोप बरोबर घेऊन येतो. वारीत मला ते नको होते.

तेव्हा मी घेतला तो फुजीफिल्म कंपनीचा, २०२० साली निघालेला एक्स १०० व्ही. त्याचे भिंग बदलता येत नाही. ते पुढेमागेही सरकत नाही. वर जुन्या कॅमेऱ्यांसारख्या तबकड्या आहेत, त्या फिरवताना लहानपणी घरी असलेल्या आगफाच्या 'क्लिक थ्री'ची आठवण येते. बडोद्याला तयार झालेल्या त्या काळ्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच चित्रे येत, आणि तेरावे काढायला वडील पुढच्या सणापर्यंत थांबवीत. पण या नव्या कॅमेऱ्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची खिडकी.

पुतण्याच्या कॅमेऱ्यात चित्र काढण्याच्या नेमक्या क्षणी आतला आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यासमोर निमिषभर अंधार होतो. जो क्षण चित्रात येतो, तो चित्र काढणाऱ्याला दिसलेला नसतो! माझ्या कॅमेऱ्याच्या एका कोपऱ्यात भिंगाहून वेगळी अशी काचेची लहान खिडकी आहे. तिच्यातून पाहिले, की समोरच्या दृश्यावर पांढऱ्या रेषांची एक चौकट उमटते. चौकटीच्या आत जे असेल ते चित्रात येईल. पण चौकटीबाहेरचेही थोडे जग दिसत राहते. कोण येत आहे, कोण निघून जात आहे, हे आधीच कळते. शिवाय याची प्रकाश रोखणारी झडप भिंगाच्या आतच, फुलाच्या पाकळ्यांसारखी उघडते आणि मिटते. तिचा आवाज जवळजवळ होत नाही. कीर्तनात मृदंगावर हात थांबलेला असताना 'खटॅक्' असा आवाज करून कोणाचे लक्ष विचलित करण्याचे पाप लागत नाही.

मात्र याचे काही चालत नाही अशा जागाही आहेत. लोणंद सोडल्यावर तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब लागतो. तेथे पालखीचे पहिले उभे रिंगण होते. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व वाऱ्यासारखा दौडत जातो. मोठी भिंगे लावलेले छायाचित्रकार उंच जागा धरून बसलेले असतात. माझ्या चित्रात तो अश्व मुंगीएवढा आला. पुढच्या वर्षी मी कॅमेरा झोळीतच ठेवला, टाळ्या वाजवल्या आणि घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावलेल्या लोकांबरोबर मीही धावलो. रिंगणाचे उत्तम चित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलेच होते.

त्याच वर्षीची, त्याच टप्प्यावरची एक गोष्ट सांगतो. बार्शीकडच्या एका खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बाई आमच्या दिंडीत होत्या. डोक्यावर तुळशीवृंदावन, एक हात त्याला धरलेला. रस्त्याच्या कडेला कोणी मोठा कॅमेरा रोखला, की त्या पदर सावरीत, ओठ मिटून घेत आणि कचेरीत अंगठा उठवायला उभे राहिल्यासारख्या ताठ होत. माझा कॅमेरा पाहून मात्र त्या हसल्या.

"माउली, ह्यो डबा कसला? तंबाखूचा हाय व्हय?"

मी त्यांना कॅमेरा दाखवला. काही पावले त्या गप्प चालल्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरी म्हाताऱ्याचा फोटू न्हाई. मतदानाच्या कार्डावरचा मोठा करून भितीला लावलाय. पर कोण परका मानूस बघतोय म्हून वाटतं." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझा काढून ठिवा. पर उभी करून नका काढू. चालताना काढा. नातवंडांना कळंल, आजी अशी चालायची."

दूर उभे राहून लांब भिंगाने त्यांचा चेहरा जवळ आणता आला असता. माझ्याजवळ तसले भिंग नव्हते. चेहरा मोठा हवा तर माझे पायच पुढे जायला हवेत. तेव्हा मी त्यांच्यापुढे तीन-चार हातांवर उलट पावलांनी चालू लागलो, आणि एवढ्या जवळच्या माणसाशी न बोलता चालणे शक्यच नसल्यामुळे बोलत राहिलो. मृग नक्षत्राचे दोनच पाऊस झाले होते. थोरल्या मुलाने सोयाबीन पेरले होते. धाकटा पुण्याला वॉचमन होता. म्हाताऱ्याला वारीला येण्याची हौस फार, पण जनावरांजवळ कोणी तरी राहायला हवे म्हणून तो दर साल मागे राही. "औंदा मी त्याच्या वाटणीचं बी चालतीया," त्या म्हणाल्या. कॅमेरा माझ्या छातीशी होता. त्यांना त्याचा विसर पडला होता, आणि खरे म्हणजे मलाही.

मी खिडकीला डोळा लावला तेव्हा पांढऱ्या चौकटीच्या बाहेर, उजव्या अंगाला, एक परकरी पोर रस्त्याकडे धावत येताना दिसली. तिच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. त्या भागातली मुले दिवसभर वारकऱ्यांना पाणी पाजीत उभी असतात. मी थांबलो. पोर चौकटीत शिरली. डोक्यावर तुळस असल्यामुळे बाईंना वाकता येईना, आणि पोरीचा हात पुरेना. तिने टाचा उंचावल्या. बाईंनी मोकळ्या हाताची ओंजळ पुढे केली. निम्मे पाणी कोपरावरून ओघळले आणि दोघीही एकदम हसल्या. मी बोट दाबले. कोणी मागे वळून पाहिले नाही.

घरी आल्यावर मी त्या चित्राची मोठी प्रत करवून घेतली आणि बाईंच्या नातवाने सांगितलेल्या पत्त्यावर टपालाने पाठवली. तीन आठवड्यांनी त्या मुलाचा फोन आला.

"सर, फोटो मिळाला. आजीनं तो आजोबांच्या शेजारी लावलाय. आता आजोबा ओळखीचे दिसायला लागलेत, म्हणते." मग जरा थांबून तो म्हणाला, "सर, आजी विचारते, ती पाणी देणारी पोर कुणाची? तिलाही एक फोटो द्यायला पाहिजे म्हणते."

पोरीचे नाव मी विचारले नव्हते. गर्दी पुढे रेटीत होती. पण चित्रात तिच्यामागे एका घराची निळी भिंत आहे, दारात कडुनिंबाचे झाड आहे आणि भिंतीला टेकवलेला नांगर आहे. रस्ता तर ओळखीचाच. मी चित्राची आणखी एक प्रत करवून आणली आहे. पावसाने भिजू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आहे आणि पुढच्या वारीच्या झोळीत, कॅमेऱ्याच्या खालीच, ठेवून दिली आहे. अजून झोळीत पुष्कळ जागा आहे.